फंडाचे 35 लाख कुठे ठेवायचे: पतसंस्था, फ्लॅट, पोस्ट की म्युच्युअल फंड?

माझे दाजी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून 58 पूर्ण करून निवृत्त झाले. फंड (पीएफ) आणि ग्रॅच्युइटी मिळून 35 लाख, ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पेन्शन महिना 4,100. घर स्वतःचं, मुलीचं लग्न झालेलं, दोघांचा खर्च औषधपाण्यासकट महिना 19 हजारांच्या आसपास. पैसे खात्यावर पडायच्या आधीच घरी माणसं यायला लागली. एकानं कळंब्याचा फ्लॅट दाखवला. पिग्मी गोळा करणारा ओळखीचा मुलगा पतसंस्थेत साडेदहा टक्के मिळवून देतो म्हणाला. भाच्याचं म्हणणं, सगळे म्युच्युअल फंडात घाला. दाजींना जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण हा पेच कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत आहे.

आधी पतसंस्थेचं, कारण ते आमच्या घरात घडून गेलंय. आबांनी निवृत्तीचे दोन लाख गल्लीतल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. सगळे ओळखीचे, दर बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. मग एक दिवस शटर अर्ध्यावर आलं. त्यानंतर दर सोमवारी आबा ठेवपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बनियनच्या खिशात ठेवून जायचे. कधी पाच हजार मिळायचे, कधी नुसता पुढच्या सोमवारचा वायदा. शेवटचे 40 हजार ते असेपर्यंत आलेच नाहीत. सगळ्याच पतसंस्था तशा नसतात, चांगल्या चाललेल्या मी पाहिल्यात. पण एक फरक पक्का लक्षात ठेवा. बँक बुडाली तर ठेव विम्यातून मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत मिळतात. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासूनची. नागरी सहकारी बँकेला हा विमा आहे, पतसंस्थेला नाही. ‘सहकारी’ हा शब्द पाटीवर दोन्हीकडे असतो, म्हणून गल्लत होते. आयुष्याची पुंजी साडेदहा टक्क्यांसाठी तिथं ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे.

फ्लॅटचं आकर्षण मला कळतं. भिंत दिसते, हात लावता येतो. पण हिशेब मांडू. दाजींना दाखवलेला फ्लॅट 32 लाखांचा, भाडं 8,500 येईल असं सांगितलेलं. वर्षात एक महिना रिकामा धरला तर हातात 93,500. त्यातून घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि रंगरंगोटी गेली की 75 ते 80 हजार उरतात, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत-बाहेर. स्टॅम्प ड्युटी वेगळीच. किंमत वाढेल, खरं आहे. पण ऑपरेशनला दोन लाख लागले तर फ्लॅटमधली एक खोली विकता येत नाही. आणि 2019 व 2021 च्या पुरात शाहूपुरी, दुधाळीकडं तळमजल्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. स्वस्त फ्लॅट बघताना पुराची रेषा आधी विचारा.

आता पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ही बँकेतही उघडता येते. एप्रिल 2023 पासून तिची मर्यादा 15 वरून 30 लाख झाली आणि दर 8.2 टक्के. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, म्हणून खातं उघडायच्या दिवशीचा दर विचारून घ्या; तो तुमच्या पाच वर्षांसाठी ठरून जातो. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत खात्यावर येतं. 24 लाख ठेवले तर तिमाहीला 49,200, म्हणजे महिन्याला 16,400. दाजींची पेन्शन मिळवली की 20,500. घरखर्च भागला.

दाजी म्हणाले, “मला कुठं साठ झालीत?” साठची अट आहे, पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांना वाट आहे: निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, मिळालेल्या रकमेपर्यंतच खातं उघडायचं. आधी ही मुदत एकच महिना होती, 2023 च्या नोव्हेंबरात ती वाढवली. मुदत चुकली की साठीपर्यंत थांबावं लागतं. जोडीदाराचं नाव संयुक्त लावता येतं, ते नक्की लावा. पाच वर्षांनी तीन-तीन वर्षं वाढवता येतं. मध्येच मोडलं तर वर्षाच्या आत व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलाचा दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. व्याजावर कर लागतो, पण नव्या कररचनेत एवढ्याच उत्पन्नावर दाजींना भरावा लागणार नाही.

योजनेची उणी बाजूही मोठी आहे. 16,400 आज जेवढे, तेवढेच पाच वर्षांनी. महागाई सहा टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो; दाजी सत्तरीला आले की 19 हजारांचे 38 हजार. ईपीएसची पेन्शनही महागाईबरोबर वाढत नाही. भाच्याचं म्हणणं इथं खरं ठरतं. म्हणून 7 लाख इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागं चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, एकदम नव्हे, वर्षभरात थोडेथोडे. हमी काहीच नाही, एखाद्या वर्षी 7 चे 5 दिसतील. त्यामुळे दहा वर्षं हात लावायचा नाही असेच पैसे तिथं. विकताना वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर. सगळे 35 लाख मात्र तिथं घालायला मी सांगणार नाही. बाजार पडलेल्या महिन्यातही किराणा भरावाच लागतो.

विमा कंपनीची आयुष्यभराची पेन्शन, म्हणजे ॲन्युइटी, आत्ता घेऊ नका. वय वाढेल तसा तिचा दर सुधारतो, आणि एकदा घातलेले पैसे सहसा परत निघत नाहीत. सत्तरीला विचार करू.

उरलेले 4 लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, एक-एक लाखाच्या चार एफडी, दवाखान्यासाठी. एक मोडली तर तीन तशाच राहतात. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं 5 लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं. पण मधली 12 वर्षं आपली आपल्यालाच काढायची आहेत, म्हणून आरोग्य विमा बंद पडू देऊ नका.

फ्लॅटवाल्याला दाजींनी रविवारी नाही म्हणून सांगितलं. फंड 12 तारखेला जमा झालाय. कंपनीकडून निवृत्तीचा दाखला, मिळालेल्या रकमेचा कागद, आधार, पॅन, फोटो आणि चेकबुक (लाखाच्या वर रोख चालत नाही) घेऊन आम्ही तिघं येत्या गुरुवारी पोस्टात जातोय. पासबुकावर दुसरं नाव ताईचं.