वाई की सासवड? पुण्याहून दोघांसाठी एक दिवस

लग्नाचा वाढदिवस बुधवारी आला आणि दोघांनाही रजा मिळाली, की आमच्या घरी तोच प्रश्न असतो. थंड हवेच्या ठिकाणची गर्दी नको आणि अख्खा दिवस गाडीतही घालवायचा नाही. एखादं जुनं गाव निवांत पायी बघायचं. तेव्हा दोन नावं पुढे येतात: वाई आणि सासवड. दोन्ही गावं नदीकाठची आणि पेशवाईशी नातं असलेली, दोन्हीकडे काळ्या दगडाची देवळं. तरी तिथले दिवस अगदी निराळे जातात.

आधी अंतराचं बघू. सासवड पुण्यापासून तीसेक किलोमीटर, दिवे घाट चढला की आलंच. वाई नव्वदच्या आसपास. खंबाटकी ओलांडायचा आणि सुरूरला महामार्ग सोडायचा. सकाळी सातला घर सोडणं जमत असेल तरच वाईचा विचार करा. रजेच्या दिवशी उशिरा उठायचं असेल, तर सासवड ठरवून मोकळे व्हा. गाडी नसली तरी दोन्हीकडे अडत नाही. स्वारगेटहून वाईला थेट एसटी आहे आणि सासवडला तर बसची सतत ये-जा असते.

वाईत सुरुवात ढोल्या गणपतीपासून करा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं. भव्य मूर्ती सगळेच बघतात, पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही अंगांनी फाटून जावं म्हणून. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांचं मला फार कौतुक वाटतं. शेजारीच काशीविश्वेश्वर आहे, तिथला नंदी शांतपणे बघावा. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. वाईतला हा थाट कुठून आला, ते त्यावरून कळतं.

पण वाईला जायचं खरं कारण म्हणजे तीन किलोमीटरवरची मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. लाकडी खांब, अंधारे जिने, भिंतींवरची फिकट झालेली चित्रं. वाड्याच्या मागून खाली उतरलं की चंद्रकोरीसारखा वळलेला कृष्णेचा घाट, आणि तिथे देवळापाशी टांगलेली एक प्रचंड घंटा. नीट बघितलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि 1707 हे साल वाचता येतं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. पहिल्यांदा आम्ही तिच्याखाली अर्धा तास उभे होतो. नवऱ्याला ओतकाम बघायचं होतं, मला ती इथवर बैलगाडीतून आणली असेल का हे डोळ्यांपुढे आणायचं होतं. दुपारी ह्या पायऱ्यांवर कुणी फारसं नसतं. दोघांनी गप्प बसायला ह्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

वेळ उरला तर धोमला जा. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात महादेवापुढे कमळाच्या आकाराचं कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. पाचगणी मात्र त्याच दिवशी नको. पसरणीचा घाट समोर दिसतो, मोह होतो, आणि मेणवलीची दुपार हातची जाते.

सासवडचा सूर वारकरी आहे. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानकाका यांची समाधी इथली. ओवऱ्यांत बसलेल्या म्हाताऱ्यांचं हळू आवाजातलं भजन ऐकू आलं, तर घाई करू नका. कऱ्हेच्या संगमावरचं संगमेश्वर संध्याकाळसाठी ठेवा. रुंद पायऱ्या, दीपमाळा, वर काळाभोर मंडप. कऱ्हेला बराचसा काळ पाणी बेताचंच असतं, तेव्हा नदीसाठी म्हणून सासवडला जाऊ नका. पावसाळ्यानंतरचे काही आठवडे तेवढे खरे. जवळच्या कोडीतचे आचार्य अत्रे ह्या नदीवर इतका जीव लावून होते, की आत्मचरित्राला त्यांनी तिचंच नाव दिलं. पुरंदऱ्यांच्या वाड्याचं बुरुजांचं भक्कम दार बघून शनिवारवाडा आठवतो, मात्र ते बाहेरूनच बघायचं. बाळाजी विश्वनाथ पेशवे 1720 मध्ये सासवडलाच वारले, त्यांची समाधीही गावात आहे.

खाण्यापिण्यात मी सासवडला झुकतं माप देते. उन्हाळ्यात मीठा बहाराचे, म्हणजे उन्हाळी हंगामाचे अंजीर आणि पावसाळ्यात सीताफळं रस्त्याकडेला पाट्यांत मांडलेली असतात. अंजीर घरी नेईपर्यंत दबतात, तिथेच खा.

नवीन लग्न झालं असेल तर निर्णय सोपा आहे. सासवडहून जेजुरी पुढे सतराएक किलोमीटरवर. नव्या जोडप्याने खंडोबाला जायचंच असतं, आणि नवऱ्याने नवरीला उचलून काही पायऱ्या चढायची रीतही आहे. घरच्या मोठ्यांचा मान राहतो आणि दिवस तुमचाही होतो. सोमवती अमावास्या तेवढी टाळा. आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला मुक्काम करते, त्या दिवसांत गाडी घेऊन जाऊच नका. वाईला जायचं तर संकष्टी चुकवा.

लग्नाला काही वर्षं झालेल्या, रोजच्या धावपळीत एकमेकांशी धड बोलणंही न झालेल्या दोघांना मी वाईच सांगेन, नोव्हेंबर ते जानेवारीत, आणि आठवड्याच्या मधल्या वारी. डबा घरून घ्या, पोळी-भाजी आणि दही-भात पुरे. जेवण झालं की कागद आणि पिशव्या परत न्या, मेणवलीचा घाट अजून स्वच्छ आहे.