राजारामपुरीतलं भाषांतराचं ऑफिस: प्रश्नावली मराठीत आणायला एक नंबर, पण व्हॅलिडेशनचं पॅकेज घेऊ नका

थिसिससाठी इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून घ्यायची तर कोल्हापुरात कुणाकडे जायचं असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी काम करून घेतलं राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसातून, बाहेर डीटीपी आणि बायंडिंग चालतं आणि आतल्या खोलीत भाषांतर. भाषांतराला पाचपैकी पाच, व्हॅलिडेशनच्या (म्हणजे प्रश्नावली आजार खरंच ओळखते का हे तपासण्याच्या) पॅकेजला दोन, आणि हा फरक का ते नीट वाचा कारण शेवटी पेशंटचा प्रश्न आहे.

माझी प्रश्नावली म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठीची (बीपीडी, भावना, नाती आणि स्वतःबद्दलची ओळख सतत अस्थिर राहण्याचा मानसिक आजार) मॅक्लीन स्क्रीनिंग, म्हणजे निदानाआधीची पहिली चाळणी. अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलच्या मेरी झानारिनी आणि त्यांच्या टीमनं केलेली, 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. 10 प्रश्न, हो किंवा नाही, 7 किंवा जास्त 'हो' आले की पुढची सविस्तर मुलाखत. डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, बीपीडीचे 9 निकष आहेत, त्यातल्या संशय आणि डिसोसिएशनच्या (स्वतःपासून किंवा आजूबाजूपासून तुटल्यासारखं वाटण्याच्या) निकषावर 2 प्रश्न, बाकीच्यांवर एकेक. दिसायला एका पानाचं काम, त्यामुळं दुसरीकडं एकानं 'उद्या संध्याकाळी घेऊन जावा' म्हणून सांगितलं होतं, तिथं मी दिलंच नाही.

इथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत मूळ हक्कधारकांच्या परवानगीचा मेल मागितला, तो बघूनच काम हातात घेतलं. मग दोघांनी एकमेकांचं न बघता भाषांतर केलं, एक सायकॉलॉजी शिकलेली मुलगी आणि एक मराठीचे रिटायर्ड सर, दोन्ही समोरासमोर ठेवून भरपूर वाद घालून एक मसुदा झाला, आणि बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे मराठीवरून परत इंग्रजी, अशा माणसाकडून ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलंच नव्हतं. ही पद्धत पुस्तकात सगळीकडं असते, प्रत्यक्षात करणारे कमी.

पण पैसे खरे वसूल झाले ते पुढच्या टप्प्यात. त्यांच्या एक ताई फॉर्म घेऊन लोकांकडं जातात आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारतात, 'तुम्हाला यातनं काय कळलं ते सांगा.' मी सोबत गेले होते. करवीर तालुक्यातल्या एक मावशी, स्वतःला मुद्दाम इजा केलीय का, मारून घेतलंय का, या प्रश्नाला लगेच 'व्हय' म्हणाल्या. कधी म्हणून विचारलं तर, 'सासरं गेलं तवा ऊर बडवून घेतला की, सगळ्याच बायका घेत्यात.' आजूबाजूचं काही खरंच नाही असं वाटतं का, याला दुसऱ्या एकीनं जोतिबाच्या यात्रेत अंगात येतं ते सांगितलं. हे दोन्ही 'हो' तसेच राहिले असते तर निरोग्या बायकांचे स्कोअर फुगले असते आणि बॅक ट्रान्सलेशनमध्ये यातलं काहीच सापडलं नसतं, कारण वाक्य अचूकच होतं! मग फॉर्मच्या वर सूचना घातली की दुःखाच्या प्रसंगी किंवा देवाच्या कार्यात जे होतं ते इथं धरू नका, आणि परत लोकांना विचारून बघितलं. अजून एक म्हणजे कुणी खरंच स्वतःला इजा केल्याचं सांगितलं तर फॉर्म बाजूला ठेवून आधी मला फोन करायचा असं ठरलं होतं, ताईंनी ते काटेकोर पाळलं, घरातली माणसं शेजारी बसली असतील तर त्या विचारायच्याच नाहीत.

आता व्हॅलिडेशन. पॅकेजमध्ये ते कॉलेजच्या मुलांकडून फॉर्म भरून घेतात, क्रॉनबॅक अल्फा काढतात, 0.70 च्या वर आला की रिपोर्टवर 'व्हॅलिडेटेड' लिहितात. हे मला अजिबात पटलं नाही आणि तोंडावर सांगितलं. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांना धरून आहेत, ज्याला आजार आहे तो सापडतो का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच लोकांची एससीआयडीसारखी (निदानासाठीची ठरावीक प्रश्नांची) मुलाखत घ्यायला हवी आणि ती घेणाऱ्याला स्कोअर माहीत नको. मूळ अभ्यासात उपचार घेतलेली 200 माणसं होती आणि मुलाखतीशी ताडूनच 7 हा कट-ऑफ ठरला, सेन्सिटिव्हिटी 81 टक्के (आजार असलेल्यांपैकी इतके सापडले), स्पेसिफिसिटी 85 (आजार नसलेल्यांपैकी इतके बरोबर वगळले गेले). आपल्या मराठी पेशंटमध्ये तो 7 च निघेल असं धरून कसं चालेल, आरओसी, म्हणजे कुठल्या कट-ऑफला किती खरे सापडतात आणि किती खोटे येतात त्याचा आलेख, काढून बघायलाच पाहिजे.

आणि कॉलेजातल्या पोरांवर हे चालवणं तर धोक्याचं. समजा 1000 जणांत 20 जणांना बीपीडी आहे, वरच्याच आकड्यांनी त्यातले 16 सापडतील आणि आजार नसलेल्या 980 मधले 147 पण 'पॉझिटिव्ह' येतील, म्हणजे दर दहा पॉझिटिव्हमध्ये खरा जेमतेम एक. तेच ओपीडीत 1000 पैकी 200 जणांना असेल तर 162 खरे आणि 120 खोटे. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात 'बॉर्डरलाइन' लिहिलेला कागद गेला की घरात काय होतं ते मी ओपीडीत बघते, म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय.

तर भाषांतर आणि लोकांना विचारून बघण्याचं काम डोळे झाकून इथं द्या, मुलाखती तुमच्या गाईडच्या देखरेखीखाली विभागातच करा, आकडेमोड स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडून. रेट आधी लिहून घ्या, बॅक ट्रान्सलेशनचं बिल वेगळं लागतं. एथिक्स कमिटीला लागणारं सर्टिफिकेट लेटरहेडवर देतात, ते पण पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि सगळे मसुदे मागून घ्या, फक्त शेवटचा नको.