फोर्टातली नोटीस टायपिंगची दुकानं: टायपिंग चोख, दंडाची इंग्रजी मात्र तपासून घ्या

मुंबईत किल्ला कोर्टाच्या आणि धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाच्या आसपास नोटिसा, करार, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारी जी दुकानं आहेत, त्यांच्या टायपिंगला नाव ठेवायला जागा नाही. मार्जिन, परिच्छेदांचे आकडे, प्रिंट, सगळं नीटनेटकं. 'लीगल साइज, डबल स्पेस' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. तुम्ही मजकूर तयार नेला असेल तर बिनधास्त जा.

मजकूर त्यांच्यावर सोडलात तर मात्र सांभाळा. जुनी फाइल उघडून नाव, रक्कम, तारीख बदलली की नवी नोटीस तयार होते, आणि त्या जुन्या साच्यात 'फाइन', 'पेनल्टी', 'डॅमेजेस', 'इंटरेस्ट' हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल बसलेले असतात. इंग्रजी भारदस्त दिसतं म्हणून गिऱ्हाईकही हरकत घेत नाही.

सगळ्यात महागात पडतो तो चेक बाउन्सच्या नोटिशीतला घोळ. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हा 'फाइन' करणार कोर्ट, तुम्ही नव्हे. साच्यातलं वाक्य असतं, 'पे फाइन ऑफ डबल द चेक अमाउंट'. म्हणजे चेक एक लाखाचा आणि नोटीस दोन लाखांची. कायद्याला मागणी हवी ती चेकच्या रकमेची. ती वेगळी न दिसता एकच फुगवलेला आकडा गेला, तर पुढे तक्रारच लटकू शकते. व्याज किंवा नोटिशीचा खर्च मागायचा असेल तर वेगळ्या ओळीत, वेगळ्या आकड्याने मागा. क्रियापद 'डिमांड' ठेवा. 'इम्पोज' आणि 'लेव्ही' खोडून टाका. शिक्षेसाठी शेवटी 'पनिशेबल अंडर सेक्शन १३८' इतकं पुरतं.

त्याच नोटिशीत मुदतीची ओळही बघा. बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस काढायची. समोरच्याला १५ दिवस मिळतात ते नोटीस हातात पडल्यापासून. साच्यात 'फ्रॉम द डेट ऑफ धिस नोटीस' असतं, तिथे 'रिसीट' हवं. ते १५ दिवस सरले की तक्रारीला एक महिना.

लीव्ह अँड लायसन्सच्या (म्हणजे भाडेकरू न करता परवान्याने जागा वापरायला देण्याच्या कराराच्या) नोटिशीत 'पेनल रेंट' हा लाडका शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने 'डॅमेजेस' (नुकसानभरपाई) मागता येतात. तोच शब्द लिहा. आपल्याच कागदावर 'रेंट' लिहून समोरच्या वकिलाला भाडेकरूपणाचा मुद्दा काढायची संधी कशाला द्यायची?

सोसायटीच्या थकबाकीच्या पत्रांत 'लेट फाइन' आणि 'पेनल्टी' दोन्ही सापडतात. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) थकबाकीवर लागतं ते व्याज, तेही सरळव्याज आणि ठरलेल्या कमाल दरापर्यंतच. म्हणून 'इंटरेस्ट ऑन एरिअर्स' लिहा. दर आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाची तारीख त्याच वाक्यात द्या.

व्याकरणाच्या चुका ठरलेल्या आहेत. 'पेनलाइज' माणसाला करतात, 'इम्पोज' दंड करतात आणि तो माणसा'वर', म्हणजे 'ऑन'. 'वी इम्पोज यू' छापून गेलं तर वकील हसतील. 'फाइन्ड' नंतर थेट रक्कम येते, 'विथ' लागत नाही. व्याज माफ केल्याच्या पत्रात हात हलवण्याच्या 'वेव्ह'चं स्पेलिंग (wave) येतं, हवं waive. शब्द खराच असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतो.

जाता जाता: माथ्यावरचं 'बाय आरपीएडी' (पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने) अजून साच्यात आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा ती ओळ बदलून घ्या आणि पोस्टात पोच मिळण्याची सोय आठवणीने मागा.

पानाचा दर आधी विचारा, त्यात दुरुस्त्या धरल्यात का तेही. रकमा आणि तारखा तोंडी सांगू नका, कागदावर द्या. प्रिंट मारण्याआधी स्क्रीनवर 'फाइन' आणि 'पेनल्टी' शोधायला लावा; प्रत्येक ठिकाणी कोणतं कलम किंवा कोणता उपविधी ते सांगता आलं नाही, तर शब्द तिथल्या तिथे बदलून घ्या. फाइल पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलवर मागून घ्या. एरवी एका तारखेच्या दुरुस्तीसाठी पुन्हा फोर्ट गाठावं लागतं.