करंझाळ्याचा किनारा आणि विंडसर्फिंगचा तीन दिवसांचा वर्ग

पणजीजवळच्या करंझाळे किनाऱ्यावर जानेवारीत मी विंडसर्फिंगचा नवशिक्यांसाठीचा वर्ग केला. शीड उचलणे आणि फळीवर तोल सांभाळणे कुठेही शिकता येईल. येथे वारा ओळखायला जेवढा वेळ देऊन शिकवले जाते, त्यासाठी मात्र हा वर्ग मुद्दाम करावा.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला समुद्र तळ्यासारखा संथ होता आणि शिकायला याहून चांगले पाणी मिळणार नाही, असे मला वाटले. प्रशिक्षकांनी मात्र कोणालाही उतरू दिले नाही. या दिवसांत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे पूर्वेचा मतलई वारा वाहतो. झाडे आणि इमारती यांच्या आडोशामुळे तो काठावर जाणवत नाही, पण थोडे आत गेल्यावर जोर धरतो आणि नवशिक्याला थेट खुल्या समुद्राकडे ढकलतो. प्रशिक्षक म्हणाले, "पायाशी बघू नका, लांब बघा." काठाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यापलीकडचे पाणी खरोखरच काळसर आणि बारीक सुरकुत्यांनी भरलेले होते.

दुपारी एकच्या सुमारास वायव्येचा खारा वारा लागला आणि मग आम्ही उतरलो. तो या किनाऱ्यावर तिरका येत असल्यामुळे चुकलेला माणूस सहसा काठाकडेच येतो. वेग 10 नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर होता. नवशिक्यांना 8 ते 12 नॉट पुरेसा असतो आणि लाटांच्या माथ्यांवर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की आमच्यासारख्यांनी थांबायचे, असा त्यांचा दंडक आहे.

सर्वांत मोलाचा धडा नांगरलेल्या होडीने दिला. होडीचे तोंड वाऱ्याकडे असते, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ते पूर्वेकडे होते आणि तिच्यावरचा झेंडा मात्र आग्नेयेकडे फडकत होता. ओहोटी लागली होती आणि मांडवीचे पाणी बाहेर वाहत असल्यामुळे होडी वाऱ्याऐवजी प्रवाहाकडे तोंड करून उभी होती. वाऱ्यासाठी झेंडा आणि झावळ्या पाहायच्या, प्रवाहासाठी होडी पाहायची, आणि दोन्ही समोरासमोर आले की नदीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात, हे तेथे उभ्या उभ्या समजले.

साहित्य चांगले आहे, फळ्या रुंद आहेत आणि जीवरक्षक जॅकेट अंगावर नीट बसवून तपासले जाते.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. दुसऱ्या दिवशी मी दक्षिणेकडच्या खडकांच्या दिशेने वाहवत गेलो. शिकवल्याप्रमाणे फळी न सोडता तिच्यावर बसून दोन्ही हात बाजूला पसरून खालीवर करत राहिलो. काठावरून मला लगेच पाहिलेही गेले. पण मदतीसाठीची एकुलती एक मोटरबोट पर्यटकांना फिरवायला गेली होती आणि ती येईपर्यंत पंधरा मिनिटे गेली. त्या वेळी वारा जमिनीकडून असता, तर तेवढ्या वेळात मी कुठवर गेलो असतो, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. वर्ग सुरू असताना बचावाची बोट दुसऱ्या कामाला लावणे मला मुळीच मान्य नाही आणि ते मी त्यांना तेथेच स्पष्ट सांगितले. तिसऱ्या दिवशी बोट पूर्ण वेळ आमच्याजवळ होती. तुम्ही जाल तेव्हा पैसे भरण्यापूर्वी बोट कुठे आहे आणि ती कोण चालवणार आहे, हे विचारून घ्या.