'रिफंडेबल' डिपॉझिट आणि बालरुग्णालयातली पहिली नोकरी

बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप संपते, त्याच सुमाराला बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरायला लागतं. हसरं बाळ, मोठा रंगीत जिम बॉल, आणि खाली 'नामांकित बालरुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवेत, फ्रेशर चालतील, शंभर टक्के प्लेसमेंट'. रुग्णालयाचं नाव पोस्टरवर नसतं. ते 'सिलेक्शननंतर कळवू'.

हुशार पोरंही यात सापडतात, आणि त्याचं कारण साधं आहे. मोठ्या बालरुग्णालयांत फिजिओची पदं मोजकी असतात. त्यातली बरीचशी एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, झालेल्यांना जातात. लहान मुलांतच काम करायचं ठरवलेल्या फ्रेशरला दारं कमी दिसतात आणि हे पोस्टर म्हणजे उघडं दार वाटतं.

पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ इंटरव्ह्यू होतो. प्रश्न विचारणारे 'एचआर' असतात, फिजिओ कोणी नसतो. माइलस्टोन्सबद्दल (बाळ कधी बसतं, कधी चालतं) एखादा प्रश्न, पगाराच्या अपेक्षेबद्दल एक, आणि संध्याकाळी 'काँग्रॅच्युलेशन्स'. दुसऱ्या दिवशी कळतं की नोकरीआधी तीन महिन्यांचं 'पीडियाट्रिक स्पेशलायझेशन ट्रेनिंग' सक्तीचं आहे. त्याचे समजा 45 हजार, वर्ष पूर्ण केल्यावर परत मिळणारे. सोबत मूळ गुणपत्रिका आणि पासिंग सर्टिफिकेट जमा करायचं, आणि दोन वर्षांचा बाँड. जागा दोनच उरल्यात, त्यामुळे पैसे आज रात्रीपर्यंत.

यासोबत येणारं ऑफर लेटर मोबाइलवर न वाचता कागदावर छापून वाचावं. लेटरहेडवर रुग्णालयाचं नाव मोठ्या टायपात असतं, पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'यांच्या सहकार्याने' असं असतं आणि वर नाव कुठल्यातरी अकॅडमीचं. पदाच्या रकान्यात 'फिजिओथेरपिस्ट' नसतं, 'ट्रेनी ऑब्झर्व्हर' असतं. पगाराच्या जागी 'परफॉर्मन्सनुसार'. सहीखाली 'ऑथराइज्ड सिग्नेटरी', पण माणसाचं नाव नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव उमटतं. आणि पैसे भरल्यावर जी पावती येते तिच्यावर 'डिपॉझिट' हा शब्दच नसतो, 'कोर्स फी' असतं. डिपॉझिट परत मागता येतं. फी घेतली, शिकवलं, संपलं, असं ते म्हणू शकतात. वर्षभरानंतरचं सगळं भांडण या एका शब्दापाशी येऊन अडतं.

आता रुग्णालय खरं असतं का? बरेचदा असतं, आणि म्हणूनच चौकशी करणारेही फसतात. अनेक खासगी रुग्णालयं फिजिओथेरपी विभाग बाहेरच्या माणसाला चालवायला देतात: जागा रुग्णालयाची, पेशंट रुग्णालयाचे, कमाईत वाटा ठरलेला. यात बेकायदा काही नाही. पण तुमचा मालक मग रुग्णालय नसतो, तो ठेकेदार असतो. रिसेप्शनवर फोन करून 'तुमच्याकडे फिजिओथेरपी विभाग आहे का' असं विचारलं तर उत्तर 'हो' येणारच. विचारायचं असतं ते हे: पगार कोणाच्या खात्यातून होतो, पीएफ कोण भरतं, अनुभवाचं प्रमाणपत्र कोणाच्या लेटरहेडवर आणि कोणाच्या सहीने मिळतं. ही उत्तरं रुग्णालयाच्या प्रशासनाकडून लेखी घ्यावीत.

पगाराचं गणित फ्रेशरला सांगताना असं मांडतात: सेशनमागे 100 रुपये, दिवसाला आठ मुलं, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 20,800. ऐकायला बरं वाटतं. पण मुलांच्या ओपीडीत आठ अपॉइंटमेंट म्हणजे आठ मुलं कधीच नसतात. पाऊस सुरू झाला की सर्दी-ताप, मग परीक्षा, मग गणपती, मग दिवाळी. शिवाय सीपीच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) मुलाला फिट आली की तो आठवडा गेला. दिवसाला पाच आली तरी 13,000 होतात, आणि न आलेल्या मुलाचे पैसे कोणी देत नाही. आई बाळाला घेऊन दोन बस बदलून येणार आणि तुम्ही तिची वाट बघत बसणार, तो वेळ फुकटचा. बाँड मात्र पूर्ण पगाराच्या नोकरीसारखा बांधून ठेवतो.

'स्पेशलायझेशन'बद्दल थोडं सविस्तर. मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या थेरपीची एनडीटी ही बर्टा आणि कारेल बोबाथ यांची पद्धत. तिचा मुलांसाठीचा पायाभूत कोर्स परंपरेने आठ आठवड्यांचा असतो, रोज खऱ्या मुलांवर आणि शिक्षकाच्या नजरेखाली. शनिवार-रविवार दोन दिवस झूमवर बसून मिळालेल्या कागदावर 'सर्टिफाइड एनडीटी थेरपिस्ट' लिहिलं असेल तर त्या कागदाची किंमत छपाईइतकी. दोन दिवसांची कार्यशाळा वाईट नसते, ओळख म्हणून ती करावीच. पण ती नोकरीची अट आणि 45 हजारांचं कारण होऊ शकत नाही. खऱ्या विभागात फ्रेशरला शिकवण्याचे पैसे कोणी मागत नाही. जीएमएफसीएसच्या, म्हणजे सीपीच्या मुलाची हालचाल किती हे सांगणाऱ्या, पाच पातळ्या ओळखायला, वाकड्या पावलासाठीच्या पोन्सेटीच्या प्लास्टरनंतर ब्रेस का सुटतो हे पालकांना समजवायला, ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताच्या नसांच्या जाळ्याच्या) इजेचं बाळ कसं धरायचं हे दाखवायला सीनियर असतो आणि ते शिकवणं त्याच्या कामाचाच भाग असतं.

इंटरव्ह्यूत उलट प्रश्न विचारा: 'एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) माझं काम काय असेल?' खरा विभागप्रमुख सांगेल की पहिले काही आठवडे तुम्ही फक्त बघायचं, कुठल्या बाळाला हात लावायचा हे नवजात शिशुतज्ज्ञ ठरवतात, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाला पहिल्या काही दिवसांत शक्य तितकं कमी हाताळायचं, डोकं खाली करून पोझिशन द्यायची नाही, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. अकॅडमीवाला म्हणेल, 'पहिल्या दिवसापासून इंडिपेंडंट हँडलिंग!' हे तो फायदा म्हणून सांगतो. आमच्या मते पोस्टरवरच्या सगळ्या खोट्यांत हे सर्वांत घातक आहे, कारण पुढे पैशांच्या पलीकडे जाणारा घोटाळा इथेच होतो.

तो घोटाळा रजिस्ट्रेशनचा. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायची तर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी काउन्सिलची नोंदणी लागते. ही काउन्सिल 2002 च्या कायद्यातून आली. निकाल आणि नोंदणी यांच्या मधल्या काळात तुमच्याकडे नंबर नसतो. मग सांगतात, 'मॅडमचा नंबर टाका, केसपेपर तुम्ही लिहा.' या मॅडम म्हणजे नोंदणी असलेल्या फिजिओ, त्या आठवड्यातून एकदा येतात, कधी तेवढंही नाही. समजा चालू न शकणाऱ्या सीपीच्या मुलाचा गुडघा ताठ झालाय. अशा मुलांची हाडं ठिसूळ असतात. जोर लावून स्ट्रेच केलं तर मांडीचं हाड मोडू शकतं. तसं झालं की केसपेपरवर अक्षर तुमचं, नंबर दुसऱ्याचा, आणि तुमच्या पत्रावर पद 'ऑब्झर्व्हर', ज्याला पेशंटला हात लावायचाच अधिकार नाही. कोणीही तुमच्या बाजूने उभं राहत नाही. नोंदणी हातात येईपर्यंत एकट्याने एकही मूल हाताळू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बाँडबद्दल दोन टोकाच्या अफवा फिरतात. एक, सही केली म्हणजे संपलं. दुसरी, बाँड कोर्टात टिकतच नाही. दोन्ही चूक. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी मिळते ती वाजवी भरपाई, तीही त्या आकड्याच्या मर्यादेत. उलट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा नोकरीचा बाँड वैध धरला. तिथे रीतसर भरती होती, पगार होता आणि जागा पुन्हा भरायचा खर्च दाखवता येत होता. ज्याने तुम्हाला पगारच दिला नाही, उलट तुमच्याकडूनच पैसे घेतले, त्याला नुकसान दाखवणं जड जाईल. पण नोटीस आली तर ती फाडून टाकू नका, वकिलाकडून उत्तर द्या.

मुलांत काम करण्याचं एक खरं आणि कमी चर्चेतलं दार म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्याचं देशपातळीवरचं उद्घाटन आपल्या पालघरलाच झालं होतं. त्याखालच्या या केंद्रांत फिजिओथेरपिस्टचं पद असतं. काम कंत्राटी आहे, पण जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची, हर प्रकारची मुलं तिथे बघायला मिळतात. जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा आरोग्य अभियानाच्या अधिकृत संकेतस्थळावर येते, पात्र-अपात्र याद्या उघड लागतात, आणि खर्च होतो तो अर्जाच्या शुल्काचा. 'डीईआयसीची ऑर्डर काढून देतो, दीड लाख लागतील' म्हणणारे दलाल इथेही भेटतात.

पैसे गेलेच असतील तर वेळ महत्त्वाचा. यूपीआयने भरून काही तासच झाले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, मग अकॅडमीशी वाद घालावा. रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता तेवढ्यातच असते. पोस्टर, चॅट, क्यूआरवर उमटलेलं नाव, पावती यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडू नका, बाहेर पडलात की तिथे पुढे काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. एकाच बॅचचे चार-पाच जण असाल तर प्रत्येकाची लेखी तक्रार वेगळी द्या, पण पोलीस ठाण्यात एकत्र जा.

मूळ कागदपत्रं अडकली असतील तर स्पीड पोस्टने लेखी मागणी पाठवा. त्यात प्रत्येक गुणपत्रिकेचं वर्ष आणि क्रमांक लिहा, कधी आणि कोणाकडे दिली ते लिहा, सात दिवसांची मुदत द्या आणि पोचपावती जपून ठेवा. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढायची वेळ आली की कोणीतरी हमखास सल्ला देतं, 'हरवली म्हणून तक्रार दे, पटकन काम होईल.' तसं करू नका. हरवल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्ही केलेलं असतं आणि सहा महिन्यांनी तीच मूळ प्रत समोरचा वकील कोर्टात टेबलावर ठेवतो. कागद अडवून ठेवलेत, हेच खरं आहे, तर तक्रारीत तेच लिहा आणि त्या तक्रारीची प्रत दुय्यम प्रतीच्या अर्जाला जोडा.