गच्चीवरची बडीशेप: साडेसहा महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पुरता ओसरल्यावर, पुण्यात आमच्या गच्चीवर बडीशेप पेरली. आता एप्रिल संपत आलाय आणि फडताळात घरच्या बडीशेपेची बरणी भरलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बी वाण्याकडचंच घेतलं, दोन प्रकारचं. मुखवासाची बारीक हिरवी लखनवी जवळजवळ उगवलीच नाही. मसाल्याची जाडी मात्र दहाव्या दिवशी वर आली. लखनवी दाणा कोवळा असतानाच काढतात, त्यात बी पक्कं झालेलं नसतं. तेव्हा पेरायला जाडीच घ्या.

काही रोपं मी आधी ट्रेमध्ये केली आणि मग हलवली. ते करू नका. बडीशेपेला गाजरासारखं सोटमूळ असतं. ते एकदा दुखावलं की रोप जागीच बसतं. माझी निम्मी गेली, उरलेली खुरटी राहिली. १५ इंच खोल ग्रो बॅगेत थेट टोकलेली चार रोपं फेब्रुवारीत माझ्या खांद्याला लागली. माती, शेणखत, थोडं कोकोपीट, दिवसभर ऊन. याहून वेगळं काही केलं नाही.

पाला शेपूसारखाच दिसतो, पण चोळून बघा. शेपूचा उग्रपणा नाही, गोडसर वास बोटांवर बराच वेळ राहतो. हा वास अ‍ॅनेथॉलचा. चक्रफुलाचं झाड अगदी वेगळ्या कुळातलं, तरी त्यातही हेच द्रव्य, म्हणून दोन्हींचा वास इतका जवळचा. सासूबाईंनी थालीपिठात मूठभर पाला घातला आणि म्हणाल्या, "अगं, आता दर आठवड्याला खुडत जा."

खरी परीक्षा फुलं आल्यावर. फुलांच्या पिवळ्या छत्रीच्या देठांवर, बरोबर जिथे ते फुटतात तिथे, हिरवट मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चिकटून बसतो. वरून काहीच कळत नाही. छत्री उलटी करून बघितली की देठ खरखरीत दिसतो आणि मुंग्यांची ये-जा चाललेली असते. मुंग्या दिसल्या की मावा आहे असं धराच. मी रोज सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं, फक्त दोनदा संध्याकाळी निमतेल मारलं, आणि दाणा धरल्यावर तेही बंद केलं, कारण तो तोंडात जायचा. पंधरा दिवसांत मावा खाणारे ढालकिडे (लेडीबग) आले आणि उरलेलं काम त्यांनी केलं. म्हणून फुलांवर जहाल औषध मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काढणी एकदम होत नाही. मधली छत्री आधी तयार होते, बाजूच्या मागून. मी मार्चभर पाच वेळा कात्री घेऊन वर गेले. दाणा भरला पण अजून हिरवा आहे, तेव्हाच छत्री कापायची आणि सावलीत सुकवायची. पहिला घाणा उन्हात टाकला तर दोन दिवसांत रंग उडाला आणि वासही मंदावला. चार रोपांची मिळून साधारण पाव किलो भरली. पैशाच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण जेवणानंतर तो दाणा चावला की विकतची नकोशी होते.

याच वासाच्या ओढीने टॅरागॉन या विलायती सुगंधी पाल्याच्या बियांचं पाकीटही ऑनलाइन मागवलं होतं. रोपं छान आली, पण पानाला वासच नाही, नुसतं गवत. नंतर समजलं, वासाचं फ्रेंच टॅरागॉन उगवणारं बी धरत नाही, ते फाट्यांवरूनच वाढवतात. बियांच्या पाकिटात मिळतं ते रशियन. पाकिटावर तसं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, याचा राग अजून आहे. त्याऐवजी मेक्सिकन टॅरागॉनचा फाटा लावा. ते झेंडूच्या गणातलं, आपल्या उन्हाला दबत नाही, पानाला भरपूर वास आणि वर पिवळी फुलं.

बडीशेपेची खोडं वीतभर ठेवून छाटली आहेत. दोन बॅगांत बुडाशी नवा पाला फुटलाय. पावसात मुळं कुजू नयेत म्हणून जूनआधी त्या पत्र्याखाली सरकवणार आहे.