नागपूरची थंडी, पहाटेची शर्यत आणि एक पातळ विंडचीटर: दिवाळी ते होळी वापरल्यानंतर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं पळण्याचं विंडचीटर होळीपर्यंत वापरून झालं. आता धुऊन कपाटात गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. याच साच्यातली जाकिटं बऱ्याच कंपन्या विकतात आणि फरक बहुतेक लोगोचाच असतो. किंमत १,८०० च्या आसपास, वजन मोबाइलपेक्षा कमी. आत अस्तर नाही, काखेत जाळी, पाठीवर एक झडप, हनुवटीपर्यंत चेन. घडी केली की स्वतःच्याच खिशात मावतं.

'नागपूरला कसली आलीय थंडी' हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून ऐकून कान किटलेत. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. तेवढी थंडी रोज पडत नाही हे खरंच, पण हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. उत्तरेकडून वारं सुटलं की पारा सात-आठवर येतो. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली गेलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. ते शब्द आपल्याकडच्या पेपरात दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. गंमत अशी की त्याच दिवशी दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतात. जाकीट घ्यायचं तर आधी याचा विचार करावा लागतो. इथे पळणाऱ्याला थंडीपेक्षा जास्त छळते ती दोन तासांत बदलणारी हवा.

सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची, म्हणजे जानेवारीत सात वाजायला जरा कमी असताना. आणि शर्यती सुटतात नेमक्या त्याच्या आगेमागे. माझा सरावाचा रस्ता वॉकर्स स्ट्रीट, जपानी गार्डन, सेमिनरी हिल्सचा चढ आणि तिथून खाली फुटाळा. वॉकर्स स्ट्रीटवर झाडी आहे, तिथे वारा लागत नाही, जाकीट नसलं तरी चालतं. फुटाळ्याच्या काठाला आलं की आडोसा संपतो आणि तलावावरून येणारा वारा थेट छातीत घुसतो. कॅनडा-अमेरिकेची हवामान खाती २००१ पासून वाऱ्याच्या गारठ्याचं एक सूत्र वापरतात. त्यात आकडे घातले तर ८ अंशांच्या हवेत ताशी १० किलोमीटरने पळणाऱ्याला साधारण ६ अंशांसारखं वाटतं. समोरून तेवढाच वारा असेल तर ५. आकड्यात हा फरक फार दिसत नाही, पण घामाने ओल्या टी-शर्टवर तो वारा बसला की कळतं. विंडचीटरचं खरं काम एवढंच, वारा अडवणं. ऊब ते देत नाही, ती तुमची तुम्हालाच तयार करायची असते. स्वेटरच्या अपेक्षेने घेणाऱ्यांनी तिबेटी लोकांच्या बाजारात जाऊन खरंच स्वेटर घ्यावा. चालायला तो उत्तम.

माझी जाऊ सोबत पळते. तिचा जाड सुती स्वेटशर्टवर विश्वास. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, तुमचं हे प्लास्टिक किती खडखडते! मागून कोणी पिशवी घेऊन येऊन राहिलं असं वाटते." आवाज होतो, मान्य. दोन्ही बाह्या अंगाला घासतात आणि शांत रस्त्यावर ते जास्तच ऐकू येतं. पण फुटाळ्याला पाणी प्यायला थांबलो की तिचा स्वेटशर्ट पाठीला चिकटलेला आणि ती कुडकुडत असायची. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली उष्णता खेचत राहतं. मी आत पॉलिस्टरचा साधा टी-शर्ट घालते, त्यावर हे. थांबले की चेन वर, पळायला लागले की अर्धी खाली.

आता न आवडलेलं. तीन-चार किलोमीटरनंतर बाह्यांच्या आतून घाम साचतो. काखेतली जाळी दंडाच्या उपयोगाची नाही. कोपराच्या आतल्या वळणावर कापड कातडीला चिकटतं आणि हात मागे नेताना खेचलं जातं. पाठीवरच्या झडपेतून हवा खेळते असं वर्णनात लिहिलंय, मला तरी ती जाणवली नाही. चेनच्या वरच्या टोकाला झाकण नाही, त्यामुळे पूर्ण लावली की गार धातू हनुवटीला टोचतो. मी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावलाय.

शर्यतीत मात्र याने पैसे वसूल केले. जानेवारीतली दहा किलोमीटरची शर्यत लाटेच्या दिवसांतच आली. सुरुवातीच्या रांगेत उभं राहणं पळण्यापेक्षा अवघड असतं, कारण शरीर तापलेलं नसतं आणि भाषणं संपत नाहीत. तेवढा वेळ जाकीट पूर्ण बंद, हात बाह्यांत ओढलेले. चौथ्या किलोमीटरला ते काढून खिशात घडी केलं आणि कमरेच्या पट्ट्यात अडकवलं. पळता पळता घडी घालणं जमायला सराव लागतो, घरच्या गच्चीवर करून बघा. बिब नंबर, म्हणजे छातीवर पिनांनी लावायचा शर्यतीचा क्रमांक, टी-शर्टवरच लावा. जाकिटावर लावला तर ते काढता येत नाही आणि पातळ कापडाला पिनांची भोकं पडतात ती वेगळीच.

पावसाबद्दल. विदर्भात हिवाळ्यात अवकाळी येतोच. कोरडी थंडी आणि ओली थंडी यांतला फरक बघायचा तर जपानचा युकी कावाउची आठवतो. १ जानेवारी २०१८ ला अमेरिकेत मार्शफील्डला उणे १७ अंशांत तो एकटाच मॅरेथॉन पूर्ण करून आला, २ तास १८ मिनिटं ५९ सेकंदांत. त्याच एप्रिलमध्ये बॉस्टनला तापमान शून्याच्या वरच होतं, पण धो धो पाऊस आणि समोरून वारा. कित्येक नामवंत धावपटू मध्येच थांबले. कावाउची जिंकला २:१५:५८ मध्ये, आणि महिलांत डेझिरी लिंडेन २:३९:५४ मध्ये. लिंडेनने शेवटपर्यंत जाकीट अंगावर ठेवलं होतं. माझ्या जाकिटाची परीक्षा तेवढी कठोर नव्हती, फेब्रुवारीतली एक सर फक्त. डिसेंबरात यावर पाण्याचे मणी होऊन घरंगळायचे, फेब्रुवारीत खांद्यावर पाणी थेट मुरलं. धुलाईचा परिणाम. कापड मऊ करणारं द्रावण अजिबात वापरू नका, ते पाणी झटकणाऱ्या लेपावर बसतं. थोडा साबण, थंड पाणी, सावलीत वाळवण.

हातमोजे वेगळे घ्या, आणि जमलं तर आधी तेच घ्या. थंडीत शरीर बोटांचा रक्तपुरवठा कमी करून पोटा-छातीकडची ऊब राखतं, म्हणून धड घामेजलेलं असताना बोटं बधिर होतात. माझे मोजे दोनशे रुपयांचे आहेत, अंगठ्यावर टॉवेलसारखा पट्टा आहे आणि त्याचा उपयोग नाक पुसायला होतो. या साध्या सोयीने मला अख्ख्या जाकिटापेक्षा जास्त सुख दिलंय. कानांना पट्टी पुरते. कानटोपीने डोकं तापतं आणि ती काढून ठेवायला जागा नसते.

टिकाऊपणा मध्यम. शिवण शाबूत आहे, चमकणारी पट्टी मात्र डाव्या बाहीवरून सोलली गेली. अंधारात पळणाऱ्यासाठी ही तक्रार मोठी आहे, सहा वाजता रस्त्यावर दुधाच्या गाड्या आणि स्कूल व्हॅन असतात. कंपनीला फोटोसह लिहिलं, उत्तर आलं की धुलाईमुळे झालेल्या गोष्टी वॉरंटीत नाहीत. शेवटी सायकलच्या दुकानातून चमकपट्टी आणून शिवून घेतली. चेनचा रनरही एकदा निसटला होता, तो गोकुळपेठेतल्या टेलरने बसवून दिला.

बायकांच्या मापात खांदे अरुंद येतात. मी पुरुषांचं स्मॉल घेतलं आणि ते नीट बसलं. दुकानात घालून बघताना दोन्ही हात पूर्ण वर करा. पाठ उघडी पडत असेल तर एक माप मोठं मागा. घाई नसेल तर फेब्रुवारी संपताना दुकानात चक्कर मारा, उरलेला हिवाळी माल तेव्हा स्वस्तात निघतो.